लाल ठिपक्याच्या लेकुरवाळ्या

प्रयोगशाळेतले उबेचे कपाट बिघडले, तेव्हा किड्याने आपली पोटुशी झुरळे डब्यात घालून घरी आणली आणि फ्रिजमागच्या कोपऱ्यात ठेवली. घरचे त्याला किड्या म्हणत, ते तो कीटकशास्त्र शिकू लागला त्याच्याही आधीपासून. आईने अबोला धरला. बाळंतपणाला आलेली ताई मात्र डब्यापाशी खुर्ची ओढून बसली.

ही झुरळे अंडी घालत नाहीत. पिल्ले पोटातच दूध पिऊन वाढतात आणि जिवंत जन्मतात, हे त्याने तिला हळुवारपणे समजावले. त्या दिवसांत एक संप्रेरक अंगातून जवळजवळ ओसरते. ते बाहेरून दिले तर दूध आटते का, पिल्ले अवेळी बाहेर पडतात का, एवढ्यावर त्याचा प्रबंध उभा होता. निम्म्या माद्यांच्या पाठीवर त्याने संप्रेरकाचा थेंब सोडला होता, आणि त्या ओळखू याव्यात म्हणून ताईच्याच नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता.

"मेल्या, अवघडलेल्यांना छळतोस," ताई म्हणाली. "आणि तेही माझं नेलपॉलिश लावून."

दुसऱ्या दिवशी त्याने झाकण उघडले, तर एकूण एक मादीच्या पाठीवर लाल ठिपका.

"बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं?" ताई शांतपणे म्हणाली. "निम्म्या नटलेल्या, निम्म्या कोऱ्या. बघवेना मला."

किड्या भिंतीला टेकून खाली बसला. आईने अबोला सोडून त्याला चहा दिला, यावरून त्याचा चेहरा कसा झाला असेल याची कल्पना यावी.

संध्याकाळी त्याचे मार्गदर्शक सर स्वतः आले. त्यांनी चष्मा पुसला, भिंग धरले, डबा उजेडात फिरवला. सगळे ठिपके लाल. प्रबंध पुढच्या वर्षावर गेला, असे त्यांनी सौम्य शब्दांत सांगितले.

"एक विचारू?" दारातून ताई म्हणाली. "याने माझी बाटली संपवली, म्हणून मी दुसरी घेतली. याचा लाल विटकरीकडे जातो, माझा डाळिंबाकडे. तुम्हा दोघांना खरंच एकच दिसतो?"

दोघांनी पुन्हा वाकून पाहिले. खरेच एकच दिसत होता.

किड्याचा जीव भांड्यात पडला. "ताई, दाखव ना लवकर, माझ्या कुठल्या?"

"दाखवू नका," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. ज्याने थेंब दिला त्यानेच पिल्ले मोजली, तर त्याला हवे तेच दिसते. मोजणाऱ्याला काही ठाऊक नसलेलेच बरे, आणि अशी सोय त्यांना आजवर जमली नव्हती. "सगळ्या बाळंत झाल्या की मग सांगा."

तेव्हापासून किड्या रोज पिल्ले मोजतो आणि ताई शेजारी बसते. हे गुपित तिला बाळापेक्षा जड झाले आहे. "तुला म्हणून सांगते, ती कोपऱ्यातली..." ती सुरू करते, आणि किड्या कानांवर हात ठेवून, मोठमोठ्याने पाढे म्हणत अंगणात पळतो. मग परत येऊन पिल्ले पहिल्यापासून मोजतो.