जावईबापूंनी शोधलेली गळती

"गॅरेजवाल्याचं तोंड कशाला बघायचं, बाबा? एसीच्या गॅसची गळती मीच शोधतो!" जावईबापू छाती फुगवून म्हणाले.

गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे सासरेबुवा आता गाडी चालवणं सोडणार होते आणि जिवापाड जपलेली गाडी दोन जावयांपैकी एकाला देणार होते. थोरल्या जावयाचा तिच्यावर केव्हाचा डोळा! अशात एसीने गार हवा द्यायचं बंद केलं, आणि आपल्या धाकट्या जावईबापूंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गळती सापडली की गाडी आपलीच!

त्यांनी सामान मागवलं. रंगाची छोटी बाटली, निळ्या उजेडाचा टॉर्च आणि पिवळा चष्मा. रंग एसीच्या पाइपात सोडायचा आणि एसी चालू ठेवायचा. गॅस जिथून निसटतो तिथून रंगही बाहेर येतो आणि टॉर्चखाली हिरवागार चमकतो. नळी बसवताना थोडा रंग हातांवर सांडला खरा, पण जावईबापूंनी हात पँटला पुसले, घामेजलं नाक चोळलं आणि विषय संपवला.

घरच्याच गॅरेजचं शटर ओढून अंधार केला. टॉर्च लागला.

"सापडली! कॉम्प्रेसर गळतोय!" जावईबापूंनी बोट ठेवून दाखवलं. "हा पाइपसुद्धा! अरेच्चा, बॅटरीसुद्धा!"

"बॅटरीत गॅस असतो?" सासरेबुवांनी भीत भीत विचारलं.

"पसरतो हो, बाबा!"

मग हॉर्न गळताना दिसला. वायपर गळताना दिसला. दार उघडलं तर स्टिअरिंग आणि आरसाही चमकत होते. जिथे जावईबापू हात लावत, तिथे गळती हजर!

"खरं सांगू? गाडी आतून पार संपलीय. भंगारात काढा." त्यांनी सासरेबुवांच्या खांद्यावर धीराचा हात ठेवला. सासरेबुवांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

एवढ्यात बायको चहा घेऊन आली. बापाचा रडवेला चेहरा पाहून तिने चहा बाजूला ठेवला, नवऱ्याचा चष्मा काढून स्वतःच्या नाकावर चढवला आणि टॉर्च फिरवला.

"अगंबाई! बाबा, तुमच्या खांद्यातून गॅस गळतोय! पाच बोटं उमटलीत!"

मग उजेड नवऱ्यावर पडला. नाक हिरवं, पँट हिरवी, दोन्ही तळवे तर नुसते झगमगत होते.

"अहो, गाडीचं राहू द्या. तुम्हीच सगळीकडून फुटलाय!"

तिने त्यांना हात मागे बांधून कोपऱ्यात उभं केलं. साबणाच्या पाण्याने सगळं पुसून काढलं, थोडा वेळ एसी चालवला आणि पुन्हा टॉर्च मारला. पाइपाच्या सांध्यावर फक्त एक ठिपका चमकला. आतली रबरी चकती झिजली होती, एवढंच!

दुसऱ्या दिवशी चकती बदलली, गॅस भरला आणि एसी बर्फासारखा गार झाला. सासरेबुवांनी किल्ली काढली. जावईबापूंनी हात पुढे केला. किल्ली त्या हाताला वळसा घालून लेकीच्या मुठीत गेली.

"गाडी हिची. दोन्ही जावयांना मागे बसायची परवानगी आहे," सासरेबुवा म्हणाले.

पहिल्याच फेरीला बायको स्टिअरिंगवर, सासरेबुवा शेजारी आणि जावईबापू मागे, वर्तमानपत्र अंथरून. एक हात पुढच्या सीटवर टेकवून त्यांनी हळूच साडूला फोन लावला.

"शेवटी गाडी आमच्याच घरात आली बरं का! गळती शोधायला बुद्धी लागते, साडूभाऊ—"

"अहो, हात!" पुढून आवाज आला.

जावईबापूंनी फोन ठेवला आणि दोन्ही हात मुकाट्याने मांडीवर घेतले.