हळदीच्या अडतीवरचे दंतवैद्य

सर्जेराव माणसाच्या डोळ्यांत कधी बघायचे नाहीत. बघायचे ते थेट तोंडात. तुम्ही साधं "नमस्कार" म्हणालात, तरी तेवढ्यात त्यांची वरच्या ओळीची पाहणी उरकलेली असे. पहिल्या भेटीत त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, "आ कर बघू, गड्या." मी वाईचा, वडिलांपुढे मान वर न करणारा सतरा वर्षांचा मुलगा. सांगलीच्या कॉलेजात येऊन दोन दिवस झालेले. मुकाट्याने आ केला. "खालची अक्कलदाढ वाकडी येनार हाय तुजी. लय तरास देनार," एवढं सांगून ते बाकावर सरकले आणि मला जागा दिली. ती दाढ पुढे खरोखरच वाकडी आली. त्याचा राग मी अजून त्यांच्यावरच काढतो.

हे सर्जेराव कोरेगावजवळच्या एका खेड्यातले. मॅट्रिक होऊन पलटणीत गेले आणि लढाईची सहा वर्षं तिथल्या दातांच्या डॉक्टरच्या हाताखाली चिमटे उकळण्यात घालवली. सेहेचाळीस साली परतले आणि थोड्याच दिवसांत दातांचा डॉक्टर व्हायचं खूळ घेऊन बसले. त्यासाठी मुंबईच्या कॉलेजात जायला हवं, आणि मुंबईला जायचं तर आधी इंटर सायन्स हवं. म्हणून अठ्ठाविसाव्या वर्षी हे मिशीवाले गृहस्थ आम्हा पोरांच्या बाकावर येऊन बसले. सकाळी कॉलेज, दुपारपासून हळदीच्या अडतीवर नोकरी. पोती तोलून घ्यायची, नमुने काढायचे. दोन्ही जमावं म्हणून दोन वर्षांचा अभ्यास तीन वर्षांत करायची परवानगी त्यांनी प्राचार्यांच्या खनपटीला बसून मिळवली होती.

अडतीवरची हळद काही केल्या अंगावरून जायची नाही. सदरा पिवळा, धोतर पिवळं, वह्यासुद्धा पिवळ्या. वर्गातली टारगट पोरं विचारायची, "सर्जेराव, हळद लागली, आता वरात कधी?" ते शांतपणे म्हणायचे, "हळद लागून सात वर्सं झाली. वरात अजून वाटंतच हाय." आम्ही खो खो हसायचो. आम्हाला काय कळत होतं, कप्पाळ.

एकदा रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला त्यांच्या बाहीवर सोड्याचं पाणी सांडलं आणि पिवळी बाही क्षणात लालभडक झाली. शिकवणारे सर बिचारे भित्रे. त्यांना वाटलं रक्तच. त्यांनी दोघा पोरांना डॉक्टर आणायला पिटाळलं आणि स्वतः स्टुलावर बसून घेतलं. सर्जेराव म्हणाले, "आवं सर, हळदीला खार लागला की ती लालच हुती. अडतीवर शेंबड्या पोराला ठावं हाय." त्या दिवसापासून त्यांनी लिटमसचा कागद वापरला नाही. नळीत काय आहे ते ओळखायला सदऱ्याचं टोक बुडवायचे. वर्षअखेर त्या सदऱ्यावर आमचा सगळा अभ्यासक्रम उमटला होता.

हात वळावा म्हणून ते हळकुंडाचे दात कोरत. सुळे, पटाशीचे दात, दोन मुळांची दाढ, सगळं हुबेहूब. आम्ही दोघं राहायचो त्या खोलीच्या खिडकीत ती पिवळी बत्तिशी मांडलेली असायची. खाणावळवाल्या काकूंची हळद एकदा संपली, तेव्हा त्यांनी त्यातल्या दोन दाढा कुटून आमटीत घातल्या. सर्जेराव दोन दिवस जेवले नाहीत. काकूंनी हात जोडले, मी समजूत घातली, पण नाही म्हणजे नाही. तिसऱ्या दिवशी भूक अनावर झाली तेव्हा आले, आणि काकूंची दाढ किडली आहे असं सांगून बसले पाटावर.

असं करत करत तिसऱ्या वर्षी ते इंटर पास झाले. बऱ्यापैकी झाले. मुंबईचा अर्ज आला. पुढच्या वर्षी वयाच्या अटीत बसणार नव्हते, तेव्हा जे काय व्हायचं ते यंदाच. त्यांचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नसे, म्हणून अर्ज भरायला मी बसलो. एका रकान्यात विचारलं होतं, हाच व्यवसाय का?

"काय लिहू?" मी विचारलं.

एरवी दातांवर तासभर बोलणारा माणूस खिडकीतली एक दाढ उचलून चोळत बसला. मग म्हणाला, "मी लढाईवर हुतो तवा आमची मोट मंडळी हाकायची. बाप्याचं काम, पर घरात हाय कोन? म्हातारी आई आन ती. येक दिस मोटंचा नाडा तुटला, ती तोंडावर दगडावर पडली. फुडचे चार दात गेले. मी आलो तवापास्नं तोंडावरचा पदर काडंना. लगीन झाल्यावर म्हैनाभर हसताना बगितलीय तिला. तेवडंच."

"अहो, मग सांगलीत आहेत की दातांचे डॉक्टर."

"न्हेली हुती. खुर्चीवर बसवली. डाक्टर म्हनला, बाई, तोंड उगडा. हिनं डोळं मिटलं, पर तोंड उगडलं न्हाई. अर्धा तास. भाईर येऊन म्हनली, परक्या बाप्याफुडं मी तोंड उगडायची न्हाई. घरच्या मानसाफुडं उगडीन." सर्जेरावांनी मिशीवरून हात फिरवला. "मी म्हनलं, मग घरच्यालाच डाक्टर करू."

तीन वर्षं मी या माणसाची टिंगल केली होती. मला माझीच लाज वाटली. पण मुंबईच्या साहेबांना हे कसं लिहायचं? मी लिहिलं, 'खेड्यातल्या जनतेची सेवा करण्यासाठी.'

"काय लिवलंस?"

"सेवा."

"व्हय," ते म्हणाले, "सेवाच म्हनायची."

मुंबईहून बोलावणं आलं. जूनमध्ये ते गावाहूनच निघाले. मी सुट्टीला वाईत होतो, निरोप द्यायला कोरेगाव स्टेशनावर गेलो. वहिनी आल्या होत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, नाकापासून हनुवटीपर्यंत पदर. दोघं नवराबायको शेजारी उभी होती आणि भाकरीच्या गाठोड्याखेरीज एकमेकांशी काही बोलत नव्हती. सर्जेराव डब्यात चढले. मला राहवेना. चार वर्षांचा अभ्यास, म्हातारी सासू, शेत, आणि परत ही एकटीच. धीर द्यायचा म्हणून म्हणालो, "वहिनी, आधी लढाईची सहा, मग सांगलीची तीन, आता ही चार वर्षं. फार झालं हो तुम्हाला."

त्या गाडीकडेच बघत होत्या. पदराआडून म्हणाल्या, "भावजी, ती सा वर्सं सरकारची हुती. ही समदी माजी हायत."

गाडी हलली होती. मी पळत खिडकी गाठली आणि ते बोलणं जसंच्या तसं सर्जेरावांना सांगितलं. सहा वर्षं लढाई काढून आलेला माणूस, गाठोडं मांडीवर घेऊन भर डब्यात रडला.