जागेवरची चिठ्ठी

दौलतराव गजभिये यांच्या घरात दाराजवळ चार खिळे आहेत. त्यांपैकी दुसऱ्या खिळ्यावर गेले सात महिने छत्रीऐवजी एक चिठ्ठी टांगलेली होती. छत्री नेणाऱ्याचे नाव, नेण्याचे कारण आणि परतीची तारीख असा तपशील तीवर सुवाच्य अक्षरात नोंदवलेला होता. नेणारा इसम म्हणजे प्रस्तुत लेखक. त्या अवधीत सबंध पावसाळा येऊन गेला. दौलतराव भिजले, सर्दीने बेजार झाले, परंतु दुसरी छत्री त्यांनी घेतली नाही. कारण विचारता म्हणाले, "टांगू कुठं? जागा भरून हाय ना."

दौलतरावांची सारी नोकरी एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात गेली. तेथील रिवाज असा की, कपाटातून एखादे प्रकरण बाहेर गेले की त्याच्या जागी चिठ्ठी ठेवावयाची आणि प्रकरण परत येईपर्यंत ती जागा दुसऱ्या कोणासही द्यावयाची नाही. सेवानिवृत्तीच्या दिवशी त्यांनी नारळ व शाल स्वीकारली, किल्ल्या परत केल्या आणि रिवाज मात्र घरी आणला. शेजारणीने झारा नेला की फडताळात चिठ्ठी. सायकल पंक्चरला गेली की भिंतीशी चिठ्ठी. एकदा त्यांची कवळी दुरुस्तीस गेली होती, तेव्हा पाण्याच्या वाटीत चिठ्ठी भिजेल म्हणून त्यांनी वाटीच कोरडी करून तीत चिठ्ठी ठेवली होती.

चौथा खिळा मात्र मोकळा आहे. तेथे त्यांच्या पत्नीची कापडी पिशवी असे. ती बाई जाऊन नऊ वर्षे झाली. चिठ्ठी नाही ही उणीव मी एकदा त्यांच्या नजरेस आणून दिली. कागदातील उणीव मला तत्काळ दिसते. तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली मी सव्वीस वर्षे अर्ज लिहितो आहे. माझे शिक्षण परिस्थितीमुळे आठवीपर्यंतच झाले. तथापि माझ्या अर्जातील 'सबब' या शब्दापाशी साहेब लोक थबकतात, असा अनुभव आहे. दौलतराव खिळ्याकडे पाहून म्हणाले, "जे परत येनार, त्याचीच चिठ्ठी असते, मुन्शीजी." आणि चहा ठेवावयास उठले.

त्यांना एकच कन्या, सुजाता. अभियांत्रिकीत उत्तम गुणांनी उत्तीर्ण. पाणी शुद्ध करण्याच्या विद्येत दोन वर्षांच्या पुढील शिक्षणासाठी तिला परदेशातील एका विद्यापीठात जागा मिळाली. देशाचे नाव मी लिहीत नाही. पक्षकाराचे प्रकरण चारचौघांत उघड करणे आमच्या व्यवसायात बसत नाही. व्हिसासाठी केलेला पहिला अर्ज नामंजूर झाला. उत्तर एका ओळीचे होते: शिक्षण संपल्यावर अर्जदार मायदेशी परतेल अशी आमची खात्री पटत नाही.

तो कागद घेऊन दौलतराव माझ्या टेबलाशी आले. त्यांना दुःखापेक्षा अपमान अधिक झाला होता. "माह्या हातून आयुष्यात एक कागद हरवला नाई," ते म्हणाले, "अन् हे म्हनतात, पोरगी परत येनार नाई. लिहा."

अर्ज एकदाच पुन्हा करावयास वेळ होता. या खेपेस नकार आल्यास विद्यापीठातील जागा जाणार होती. धरमपेठेत काचेच्या कार्यालयात बसणाऱ्या एजंट बाईंनी दोन पानांचे निवेदन पुरेल असे सांगितले. दौलतरावांनी त्यांना विचारले की, दोन पानांत माणूस परत येतो काय. त्यानंतर त्यांनी पुरावे जमा करावयास आरंभ केला.

प्रथम शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे झाली. मुलगी आमच्या डोळ्यांदेखत वाढली असून तिला येथेच करमते, असे अकरा जणांनी सत्यप्रतिज्ञेवर लिहून दिले. सावजीच्या खानावळवाल्याने दाखला दिला की, सदर मुलीस इतरत्रचा रस्सा फिका लागतो. दंतवैद्याकडून दोन वर्षांनंतरची वेळ लिहून आणली. लिंबाच्या लोणच्याची बरणी फडके बांधून, लाख लावून मोहोरबंद केली आणि 'सुजाता परतल्यावर उघडणे' असे लिहून बरणीचे छायाचित्र चारही बाजूंनी काढले. कळस म्हणजे टेलरची पावती. सुजाताच्या मापाचे पंजाबी ड्रेसचे कापड त्यांनी शिवावयास टाकले आणि ड्रेस मिळण्याची तारीख दोन वर्षांनंतरची घालून घेतली. टेलर म्हणाला, एवढ्या दिवसांत मी ड्रेस काय, तंबू शिवून देईन. दौलतराव म्हणाले, "शिवू नको गा. तारीख टाक फक्त."

कुही गावाहून त्यांची मोठी बहीण आली होती. तिने पुराव्यांचा ढीग पाहिला आणि सोपा मार्ग सुचवला. साखरपुडा उरकून टाक, त्याचा फोटो लाव, कोणताही साहेब मानेल. कायद्याच्या दृष्टीने सूचना भक्कम होती आणि मी तसे बोलूनही दाखवले. त्यावर दौलतरावांनी, माझ्या माहितीप्रमाणे प्रथमच, एक पुरावा नाकारला. "बाई," ते बहिणीस म्हणाले, "मी पोरगी गहान नाई ठेवत." पुढे दिवसभर त्यांनी माझ्याशीही बोलणे टाळले.

सुजाता हे सारे हसत पाहत होती. "बाबा, हे वाचून त्यांले वाटन मी पळून जायच्या तयारीतच होती, तुम्ही पकडून ठेवली मले."

"तू चूप बस वं. वाचनाऱ्याले काम पाहिजे."

मी फुलस्केप चार पानांचे निवेदन लिहिले. 'सबब, सदर मुलगी परत येणार नाही असे मानण्यास तिळमात्र आधार नाही,' हे वाक्य मी तीन रात्री मनात घोळवले होते. सुजाताने त्याचे इंग्रजी केले तेव्हा ते अर्ध्या पानात मावले. इंग्रजी ही अपुरी भाषा आहे, हे मला त्या दिवशी समजले.

पुढे असे झाले की, अर्ज संगणकावरून पाठवावयाचा होता आणि त्या यंत्रास पुराव्यांचा गठ्ठा पचेना. शहाऐंशी कागदांपैकी जेमतेम सहा आत गेले. कोणते पाठवायचे ते सुजाताने ठरवले. तिने बँकेचे व विद्यापीठाचे कागद लावले, माझे अर्धे पान लावले आणि शेवटी टेलरची पावती लावली. एजंट बाईंनी कपाळास हात लावला. सुजाता म्हणाली, बाबांचा एक तरी कागद गेला पाहिजे.

उरलेले कागद दौलतरावांनी लाल रुमालात बांधले. पुढील पाच आठवडे ते रोज सकाळी गाठ सोडीत, कागद मोजीत आणि गाठ पुन्हा बांधीत.

व्हिसा मंजूर झाला. एजंट बाईंनी श्रेय स्वतःकडे घेतले. टेलरने दुकानात पेढे वाटले. वस्तुतः काम कोणत्या वाक्याने झाले हे मी जाणतो. परंतु आत्मस्तुती मला आवडत नाही.

विमानतळावर मी गेलो नव्हतो. ऐकिवात आहे की, काचेपलीकडे मुलगी दिसेनाशी झाल्यावरही दौलतराव बराच वेळ तेथे उभे होते. पहारेकऱ्याने हटकले तेव्हा त्याला त्यांनी रुमालातील कागद दाखवले.

आठ-दहा दिवसांनी मी छत्री घेऊन त्यांच्याकडे गेलो. उशीर झाला होता हे मला मान्य आहे. त्यांनी छत्री उघडली, काड्या मोजल्या, खिळ्यावरील चिठ्ठी काढून तिचे चार तुकडे केले आणि छत्री जागेवर टांगली. त्यांच्या मुद्रेवर असे समाधान पसरले की, मला आणखी एखादी वस्तू परत करण्याची इच्छा झाली. पण माझ्याकडे त्यांचे दुसरे काही नव्हते.

त्या घरात खुर्ची एकच, खिडकीपाशी. दौलतराव नेहमी पाटावर बसतात. मला गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, म्हणून सुजाता अभ्यासावरून उठून मला ती खुर्ची देत असे. मी सवयीने तिकडे वळलो.

"तिथं नाई," दौलतराव म्हणाले. "भरून हाय."

खुर्चीच्या पाठीला लाल फीत बांधून चिठ्ठी अडकवली होती. मी वाकून वाचली. नाव, सुजाता दौलतराव गजभिये. कारण, शिक्षण. परतीची तारीख, आणि त्यापुढे कोरी जागा. ज्या माणसाने स्वतःच्या कवळीलासुद्धा तारीख घातली होती, त्याने ती जागा कोरी सोडली होती.

"तारीख राहिली," मी म्हटले.

"राहू द्या."

ते चहाकडे वळले. पाठ माझ्याकडे ठेवून, चमच्याने ढवळीत म्हणाले, "सायबाले लिहून देनं पडते, मुन्शीजी. ते दिलं. तिले काहून बांधू तारखीत?" मग चहा गाळता गाळता म्हणाले, "टेलरलेबी सांगून आलो. घाई करू नको म्हनलं. सावकाश शिव."

रकाना कोरा असलेला अर्ज मी आजवर स्वीकारलेला नाही. अनेकांना त्या कारणास्तव घरी परत पाठवले आहे. त्या दिवशी खिशात पेन होते, तरी मी हात खिशाकडे नेला नाही. दौलतरावांनी कप पुढे केला. मी तो घेतला आणि खुर्चीशेजारी उभ्यानेच चहा प्यालो.