मंडळ लोकसेवा आयोग आणि कोठीची किल्ली

राज्य चालवायला लायक माणूस लागतो आणि मराठी मंडळ चालवायला गैरहजर. हे सत्य कुठे लिहून ठेवलेलं नाही, कारण ते लिहायचं काम ज्याच्यावर सोपवलं तो त्या सभेला आला नव्हता.

अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळाचा कारभार कित्येक वर्षं याच तत्त्वावर सुरळीत चालला. वार्षिक सभा भरायची, बटाटेवडे संपायचे आणि "आता नवीन कार्यकारिणी" असं कुणी म्हटलं की सगळी सभा आपापल्या बुटांकडे बघू लागायची. मग पहिल्या रांगेतून तुळसाकाकू विचारायच्या, "आज कोण कोण आलं नाही?" न आलेल्यांतलं एक नाव त्या घेत, टाळ्या पडत आणि पद बिनविरोध भरलं जाई. दिगंबर पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी भूल घेऊन झोपला तेव्हा साधा सभासद होता. जागा झाला तो खजिनदार. राज तर नुसता गाडी नीट लावायला बाहेर गेला होता. परत आला तेव्हा सचिव होता. (गाडी वाकडीच लागली होती.) या पद्धतीत लाच नाही, वशिला नाही, प्रचार नाही. उमेदवाराची इच्छासुद्धा नाही. इतकी निर्मळ निवडणूक दुसऱ्या कुठल्या देशात होत असेल तर दाखवावी.

तुळसाकाकू म्हणजे शंतनूच्या आई. शिक्षण चौथी, तेही गुरुजी नात्यातले म्हणून. घरात शंतनू, सून हिमानी, नात अनया आणि स्वतः काकू अशी चार माणसं राहतात. त्यांतल्या तिघांना मत नाही. मंडळात काकू भांडारप्रमुख. हॉलच्या मागे एक खोली आहे, तिला मंडळ कोठी म्हणतं. तिथे मंडळाची पातेली, मोठी शेगडी आणि डबे असतात. या कोठीची किल्ली बावीस वर्षं काकूंच्या कमरेला आहे. थंडीत कोट घातला तर ती कोटावरून लावतात, नाहीतर लोकांना दिसायची कशी?

हे पद काकूंना कर्तृत्वावर मिळालं, असं काकू सांगतात. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या सभेत वडा खाऊन त्या हात धुवायला गेल्या होत्या, एवढा तपशील त्या गाळतात. कामाचं स्वरूप दुहेरी: किल्ली सांभाळणं, आणि गणपतीच्या महाप्रसादाचा मसालेभात झाला की चमचाभर तोंडात टाकून "मीठ कमी आहे" असं जाहीर करणं. मधलं किरकोळ काम, म्हणजे दोनशे माणसांचा स्वयंपाक, हिमानी करायची.

पण एका गणपतीत विघ्न आलं. गैरहजर राहून निवडून आलेले अध्यक्ष आपल्या गुणवत्तेला जागले आणि आरतीलाही गैरहजर राहिले. तबक कुणी धरायचं यावर वाद झाला आणि निरांजन विझलं. त्यावरून गुरुनाथराव उभे राहिले.

गुरुनाथराव निवृत्त इंजिनियर. तरुणपणी त्यांची डेप्युटी कलेक्टरची परीक्षा तीन मार्कांनी हुकली, म्हणून नाइलाजाने त्यांना अमेरिकेत यावं लागलं, बंगला बांधावा लागला आणि दोन गाड्या घ्याव्या लागल्या. ते दुःख अजून ओलं आहे.

"मित्रहो," ते म्हणाले, "या देशातही पूर्वी सरकारी नोकऱ्या वशिल्यानेच मिळत. मग नोकरी न मिळालेल्या एका माणसाने थेट राष्ट्राध्यक्षांना गोळी घातली. तेव्हा कुठे परीक्षा सुरू झाल्या. आपण कशाची वाट बघतोय?"

"आपल्याकडे तसं व्हायचं नाही," काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या. "आपल्याकडे पद मिळालेला माणूस गोळी घालील. न मिळालेला पेढे वाटतो."

सभा हसली आणि ठराव मंजूर झाला. (मराठी सभेत हसू एकाला मिळतं आणि मतं दुसऱ्याला.) सदर ठरावान्वये मंडळ लोकसेवा आयोग स्थापन करण्यात आला. सातही पदं लेखी परीक्षेने भरायची: अध्यक्ष, सचिव, खजिनदार, माइकप्रमुख, पार्किंगप्रमुख, चपलाप्रमुख आणि भांडारप्रमुख. शेवटचा शब्द ऐकताच काकूंचा हात कमरेला गेला.

"अहो गुरुनाथराव, बावीस वर्षांचा अनुभव आहे माझा!"

"आदर आहे काकू. पण अनुभवाला मार्क नाहीत."

"मग तुमच्या वयाला तरी आहेत का? नाही, तेवढंच आहे म्हणून विचारते."

घरी आल्यावर काकूंनी परीक्षेवर बहिष्कार टाकला. तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला. दुपारी हिमानीने सहज सांगितलं, "आई, भांडारप्रमुखासाठी शैलजामावशींनी अर्ज भरलाय." शैलजा म्हणजे निवृत्त डॉक्टर, पुण्याच्या, बोलताना वाक्याच्या शेवटी ज्या उगाच हसतात त्या. "ती? तिच्या घरचा चहा पिऊन माणूस आपल्या घरी परत चहा मागतो! भर गं माझा अर्ज."

इथे एक चमत्कार नोंदवला पाहिजे. जी पदं टाळण्यासाठी लोक पित्ताशय काढून घेत होते, त्या सात पदांसाठी दोनशे बारा अर्ज आले. मंडळाचे सभासद एकशे नव्वद. (बरेच जण पलीकडच्या गावांतले, बर्फात गाडी चालवत येऊन अर्ज देऊन गेले.) पद कुणालाच नको होतं, पण परीक्षा आहे म्हटल्यावर मराठी माणूस घरी बसेल कसा? प्रसन्न नावाच्या एका सभासदाने बेसमेंटमध्ये क्लास काढला. वीकेंड बॅच, क्रॅश कोर्स आणि ज्यांची मुलं स्पेलिंगच्या स्पर्धेत जिंकली होती त्यांच्यासाठी खास ॲडव्हान्स बॅच. लोक ऑफिसातून रजा काढून अभ्यास करू लागले. ज्याने जन्मात दुसऱ्याची चप्पल सरळ केली नाही, तो चपलाप्रमुखाच्या सराव परीक्षेत ब्याण्णव टक्के काढू लागला. आणि "अरे, तुझा अभ्यास झाला का?" असं कुणी विचारलं की "छे यार, पुस्तक उघडलंच नाही," असं तो थेट दहावीतल्यासारखं खोटं बोलू लागला.

काकूही बसल्या. हिमानीने मसाल्यांची यादी वाचायला घेतली की काकू म्हणत, "मला डिस्टर्ब करू नकोस. हे काम तू बघ, मी त्याचा अभ्यास करते." एकदा हिमानी म्हणाली, "आई, मीही अर्ज भरू का? नाहीतरी स्वयंपाक मीच..."

"परीक्षा म्हणजे काय फोडणी आहे, कुणीही द्यावी?" काकू म्हणाल्या. "आणि एक ध्यानात ठेव. यापुढे परीक्षा न दिलेल्या माणसाने कोठीत पाऊल टाकायचं नाही. नियम म्हणजे नियम."

हिमानी हसली. सासूने जे मागितलं ते जसंच्या तसं देणाऱ्या सुनेचं ते हसू होतं. काकूंनी ते तेव्हा नीट पाहिलं नाही. पुस्तक आडवं होतं.

परीक्षेच्या सकाळी काकूंना घाम फुटला. नातीने धीर दिला, "आजी, रिलॅक्स. इट्स मल्टिपल चॉइस. नाही आलं तर जस्ट पिक डी."

काकूंना एकही प्रश्न आला नाही. उदाहरणार्थ, प्रश्न सातवा: दोनशे माणसांच्या मसालेभातात मीठ किती घालावे? (अ) चवीपुरते (ब) बेताचे (क) अंदाजाने (ड) वरील सर्व. काकूंनी बावीस वर्षांत मीठ घातलेलंच नव्हतं. कमी आहे, एवढंच सांगितलं होतं. त्यांनी नातीचं स्मरण करून पहिल्यापासून शेवटपर्यंत "ड"वर खूण केली आणि बाहेर येऊन "सोप्पा होता" असं शैलजाला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाल्या.

आता आयोगाची कार्यपद्धती सांगणं भाग आहे. आयोगात गुरुनाथराव धरून तीन सदस्य होते. तिघे मराठी, म्हणजे प्रत्येक प्रश्नाची उत्तरं तीन. कुणी माघार घेईना. अखेर समेट झाला तो असा, की तिघांची तीन उत्तरं छापायची आणि बरोबर उत्तर "वरील सर्व" धरायचं. तसं शंभरही प्रश्नांना झालं. इंजिनियर लोकांनी ओळीने "ड" येतंय म्हटल्यावर यात काहीतरी गोम आहे हे ओळखलं आणि मुद्दाम दुसरी उत्तरं लिहिली. शैलजाबाईंना एकसष्ट पडले. काकूंना शंभरपैकी शंभर.

त्या दिवसापासून गुणवत्तेचा काकूंइतका कडवा पुरस्कर्ता इलिनॉयमध्ये उरला नाही. "वशिल्याने का कधी राज्य चाललंय?" असं त्या भाजीच्या दुकानातही विचारत. प्रमाणपत्राला चौकट झाली आणि ते देवघरात कुलदैवताच्या शेजारी लागलं. देवी जरा डावीकडे सरकली. शंतनू म्हणाला, "आई, देवीला निदान मधे तरी ठेव." "देवीने परीक्षा दिली होती का?" काकूंनी विचारलं आणि जीभ चावून लगेच गालावर हात मारून घेतले. पण चौकट हलवली नाही.

पुढचे गणपती आले. हिमानी आदल्या दिवशीच दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला बहिणीकडे निघाली. "आई, मी परीक्षा दिलेली नाही ना," ती बॅग ओढत म्हणाली, "मग इथे लुडबुड कशाला करू?"

महाप्रसादाच्या दिवशी सातही गुणवंत पदाधिकारी छातीला बिल्ले लावून खुर्च्यांवर बसले. काकूंनी नापासांपैकी काही जणांना चिरायला बोलावलं. ते हात जोडून म्हणाले, "काकू, आयोगाने आम्हाला लेखी अपात्र ठरवलंय. अपात्र माणसाने भोपळा चिरला तर आयोगाचा अपमान होईल." यात खोट काढता येईना. चपलाप्रमुख चपलांवर भाषण देत होता. चपला दारात डोंगर होऊन पडल्या होत्या. पार्किंगप्रमुखाची गाडी अग्निशामक बंबाच्या वाटेत होती. शैलजाबाई पहिल्या रांगेत बसून वाक्य नसतानाच हसत होत्या. दुपार टळू लागली, पोरं रडू लागली आणि दोनशे माणसं काकूंच्या कमरेकडे बघू लागली.

काकूंनी कोठी उघडली. किल्ली झोकात फिरली. आत डबेच डबे. कुठल्यात काय, हे बावीस वर्षांत काकूंनी कधी विचारलं नव्हतं. शेगडी कुठल्या बाजूने पेटते, तेही नाही. काकूंनी दार आतून लोटलं आणि अल्फारेटाला फोन लावला.

"हिमानी, अगं, मीठ कुठे असतं?"

"निळ्या झाकणाच्या डब्यात, आई. खालच्या फळीवर."

"आणि... किती घालायचं?"

पलीकडे हिमानीने कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आई, तुम्हाला शंभरपैकी शंभर आहेत."

तुळसाकाकूंनी निळ्या झाकणाचा डबा पुढे ओढला. त्या फोन कानाला धरून डब्यांकडे बघत उभ्या राहिल्या. "चुकले गं" एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पण चौथीपर्यंत तो धडा नव्हता.

"तू... जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"हो, आई," हिमानी म्हणाली. आवाज मऊ झाला होता. दोघींनाही भाषा कळली होती. "आता ऐका. आधी शेगडीचा डावा खटका दाबा. मी फोनवर आहे."

भात संध्याकाळी झाला. खारट झाला. काकूंनी सवयीने चमचाभर तोंडात टाकला, दोनशे माणसांनी श्वास धरला आणि काकू काहीच बोलल्या नाहीत. लोकांनी गुपचूप खाल्ला. गुरुनाथरावांनी पाण्याचा जग स्वतःजवळ ओढून घेतला.

पुढच्या रविवारी तातडीची सभा भरली. आयोग विसर्जित झाला. परीक्षा चांगलीच होती, फक्त उमेदवार लायक नव्हते, असा शेरा गुरुनाथरावांनी मारला. हिमानी या सभेला आवर्जून आली, पहिल्या रांगेत बसली आणि सभा संपेपर्यंत पाण्यालासुद्धा उठली नाही. काकूंनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. सुनेकडे बघितलं. सुनेने छताकडे बघितलं.

"आपली जुनी रीत काय वाईट होती?" काकू म्हणाल्या. "मला सांगा, आज कोण आलं नाही?"

सभेने एकमेकांची तोंडं मोजली. नेपरव्हिलचं झाडून सगळं आलं होतं. गैरहजर असं एकच माणूस सापडलं: ते घरी आरामात बसून, दुसऱ्यांच्या मंडळाची फजिती वाचत, आपण किती शहाणे म्हणून गालातल्या गालात हसत होतं.

ठराव बिनविरोध मंजूर झाला आहे. अभिनंदन. किल्ली हॉलवर ठेवली आहे, घेऊन जा. आणि मीठ निळ्या झाकणाच्या डब्यात असतं.