आबांचा कॉर्डलेस

आमच्या शेजारच्या आबांनी मला फसवलं. विहिरीवरच्या जुन्या मोटरींच्या धंद्यात मी धुळ्यात भल्याभल्यांना पाणी पाजलं, आणि मला गंडवलं कोणी, तर या पेन्शनर, कुलूपवेड्या माणसानं!

आबांची सगळी नोकरी ट्रेझरीत किल्ल्या सांभाळण्यात गेली. निवृत्त झाले, पण किल्ल्या कमरेवरून उतरल्या नाहीत. घरात एकटे, तरी अंगणातल्या नळाला कुलूप, तांब्याला साखळी. लग्नाला गेले की चपला सायकलच्या साखळीनं मांडवाच्या खांबाला बांधून मगच पंगतीत बसतात. एकदा किल्ली घरी राहिली, तर मांडव उतरला तरी मांडववाला तेवढा एक खांब धरून ताटकळत उभा होता.

"पहिले कुलूप, मंग काम," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पुण्याच्या मुलानं त्यांना कॉर्डलेस फोन पाठवला, तेव्हा वायर नसलेल्या वस्तूला कुलूप कुठं लावायचं या काळजीनं त्यांचं अन्नपाणी तुटलं. मग सोबतच्या पुस्तिकेत उपाय सापडला. फोनच्या लाइनला जोडायच्या डब्याखाली आणि हातात धरायच्या फोनच्या पोटात बारीक खटके असतात. दोन्हीकडचे खटके सारखे असले तरच दोघांची ओळख पटते. आबांना हवेतलं कुलूप मिळालं!

आबांकडे आहे आणि माझ्याकडे नाही, हे मला खपत नाही. चाळीसगावला जाऊन, दुकानदाराला घाम फोडून, मी तस्साच फोन आणला. संध्याकाळी आबा हजर.

"खटका बदल, भाऊ. कंपनीना खटका बठ्ठास्ना सारखा ऱ्हास. कोन्हीबी तुना फोनमा घुशी जाई."

कंपनीतून सगळ्यांचे खटके सारखेच येतात म्हणून त्यांनीच काडीनं ते बदलून दिले. पुढं दर आठवड्याला तपासणीला यायचे. माझा डबा उलटा करून निरखायचे, माझाच चहा प्यायचे.

एके दिवशी अमळनेरच्या एका पाटलांशी फोनवर सौदा रंगात आला होता. मी म्हणालो, "पाटील, मोटर म्हणजे कोरी करकरीत—"

तेवढ्यात फोनमधून तिसराच आवाज आला. "खोटं नको बोलू, भाऊ! ती दोन डाव जळेल शे. मी दखेल शे."

"हे कोण?" पाटील म्हणाले.

"शेजारी," आबांनी सांगितलं.

पाटलांनी फोन ठेवला. जळालेल्या मोटरीत नव्या तारा नीट भरल्या की ती नवीच असते, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

मी तणतणत शेजारी गेलो. आबा ओट्यावर, फोन मांडीवर. तो हिसकावून उघडला, तर आतले खटके हुबेहूब माझ्या डब्यासारखे! त्यांच्या स्वतःच्या डब्याचे मात्र वेगळेच. म्हणजे माझा फोन वाजला की यांच्या हातातही वाजायचा. यांच्या नंबरवर कोणी फोन केला असता, तर हातातला गप्प राहिला असता.

"आबा, ही चोरी आहे!"

"चोरी कसानी? मी फक्त ऐकस."

"मग मध्ये बोललात कशाला?"

"ऱ्हावायनं नही, भाऊ."

"आणि तुमच्या पोराचा फोन आला तर? तो कशात वाजेल?"

आबा कमरेचा जुडगा चाचपत राहिले. मग म्हणाले, "तो करत नही. तुना तरी वाजस. वाजस, मंग बरं वाटस."

मी घरून निवडक शिव्या तयार करून नेल्या होत्या. त्या तशाच परत आणल्या. वाया घालवणार नाही, फक्त त्यांचा धनी बदलला आहे.

पुण्यात बसून बापाला फोन पाठवला, तो करायचा कोणी? मी? माझं गिऱ्हाईक गेलं, मोटर अजून अंगणात गंजते आहे. याचा जाब त्या पोरानं द्यावा. पत्रानं नको, फोनवर. माझ्या नंबरवर केला तरी चालेल. आबाच उचलतील.