सुधाकर सर आणि बिघडलेली बस

खामगावकडच्या आमच्या उंद्रीत सुधाकर सरांसमोर कॉम्प्युटरच्या डब्याला 'सीपीयू' म्हणायची कोणाची छाती नाही. सगळं जग त्याला सीपीयू म्हणतं. विकणारा म्हणतो, बँकेतला साहेब म्हणतो, मीही आजवर तेच म्हणत आलो. पण माझ्या कृषी केंद्राला लागूनच सरांचा कॉम्प्युटर क्लास. मधे भिंतसुद्धा नाही, नुसता पत्रा. मी गिऱ्हाइकाला सहज म्हणालो, "थांबा भाऊ, सीपीयू चालू होऊ द्या, मग बिल देतो," की पत्र्यापलीकडून आवाज येतो, "डबा म्हण बे! डबा!"

एवढ्यावर थांबला तर तो सुधाकर कसला! हातातला खडू तसाच घेऊन तो माझ्या दुकानात येतो. फवारणीचं औषध घ्यायला आलेला माणूस घाबरून बाजूला होतो. "तू तुह्या घराले तुह्या बापाच्या नावानं हाक मारतो काय? घर वेगळं, घरात राहणारा वेगळा. सीपीयू डब्याच्या आत बसते. बिस्किटाएवढा असते. समजलं?" गिऱ्हाईक बिचारं मान डोलावतं. एकदा तर एक जण औषध न घेताच निघून गेला. माझा धंदा बुडाला तरी चालेल, पण नाव चुकायला नको, असा या माणसाचा हिशेब.

सर म्हणजे माझ्याच वयाचा, माझ्याच वर्गातला. लग्न केलं नाही. शर्टाच्या खिशाला लोक पेन लावतात, हा स्क्रूड्रायव्हर लावतो. क्लासमधल्या एकाही डब्याला एका बाजूचं झाकण नाही. मी म्हणालो, "अरे, धूळ जाते आत." तर म्हणे, "झाकून शिकवू काय? लाजते काय तो?"

शिकवतो मात्र झकास. रॅम म्हणजे स्वैपाकाचा ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे घरातली कोठी. जे रांधायचं ते कोठीतून काढून ओट्यावर घ्यावं लागतं. "अन् रोज लागणारी तंबाखूची पुडी माणूस कोठीत ठेवते काय? खिशात ठेवते. प्रोसेसरच्या अशा खिशाले कॅशे म्हणते." लाइट गेली की आम्ही सगळे कपाळाला हात लावतो. याचा चेहरा फुलतो. पोरं ओरडतात, "सर, सेव्ह नव्हतं केलं!" आणि हा टाळी वाजवून, "पाह्य, पाह्य! ओटा साफ झाला, कोठी जिथल्या तिथं! असं प्रात्यक्षिक पुण्यात तरी भेटते काय?"

सगळ्यात रंगतो तो बसवर. प्रोसेसर आणि मेमरी एकमेकांशी थेट बोलत नाहीत, मधे एक वाट असते, तिच्यावरून निरोप इकडचे तिकडे जातात, ती बस. हे सांगताना तो आपल्या घराचंच उदाहरण द्यायचा. "माह्या घरात मी अन् दादा बोलत नाही. मधात माय हाय. माय म्हंजे बस." आणि पोरं हसायची. मला मात्र हसू यायचं नाही, कारण ते भांडण माझ्या डोळ्यांसमोर झालेलं.

नारायणदादा हा सुधाकरचा थोरला भाऊ. शेती करतो. वडलांच्या मागं यानंच सुधाकरला शिकवलं. क्लाससाठी पहिला कॉम्प्युटर दादानंच घेऊन दिला, आणि गचके लागू नयेत म्हणून खामगावपासून मांडीवर धरून आणला. पुढं एका दसऱ्याला दादा ट्रॅक्टरची पूजा आटोपून ताट घेऊन थेट क्लासमध्ये आला. शस्त्रपूजा म्हटल्यावर भावाचं शस्त्र कसं सोडायचं? डबा उघडा, मशीन चालू. दादानं एका पोराला विचारलं, "हे हिरवं पान कायचं रे?" पोरगा म्हणाला, "मदरबोर्ड." "मदर म्हंजे माय ना? मंग पयला मान इचा!" असं म्हणून दादानं हळद-कुंकू वाहिलं आणि विड्याच्या पानानं मनोभावे पाणी शिंपडलं.

फट! जळका वास पत्र्यापलीकडं माझ्यापर्यंत आला. मी धावत गेलो तेव्हा सुधाकर सगळ्या पोरांसमोर ओरडत होता, "अडाणी! भल्ला अडाणी माणूस हायेस तू!"

दादानं ताट टेबलावर ठेवलं आणि निघून गेला. तेव्हापासून बोलणं बंद. एकाच घराचे दोन भाग, एकच अंगण. वहिनींनी पहिल्याच दिवशी हात वर केले, "तुमचं तुम्ही पाहा." मग राहिल्या मथुराकाकू, यांची आई. त्या सुधाकरकडं राहायच्या आणि दिवसभर अंगण ओलांडत निरोप पोचवायच्या.

निरोप कसे? सुधाकर म्हणायचा, "माय, त्याले सांग, मोटर बंद करायची अक्कल नाही काय?" काकू पलीकडं जाऊन सांगायच्या, "नारायणा, सुधाकर इचारते, जेवला काय?" तिकडून दादा म्हणायचा, "सांगजो त्याले, त्याच्या बापाची मोटर नाही." काकू परत येऊन म्हणायच्या, "दादा म्हणते, लय वाळला तू. दूध पेत जाय." हे मी अंगणात उभा राहून ऐकलेलं आहे. सुधाकरही काही दूधखुळा नव्हता. त्याला भलता संताप यायचा. "माय, डेटा बदलून राह्यली तू! बसनं असं करू नाही. इकडून निघालं ते जसंच्या तसं तिकडं पोचलं पाह्यजे." काकू शांतपणे म्हणायच्या, "मी मशीन नाही रे बाबू, माय हाय."

तो माझ्याकडं येऊन कुरकुरायचा, "बस बिघडली राजा. काही भरवसा राह्यला नाही."

आणि गेल्या थंडीत काकू न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. चिखलीच्या दवाखान्यात सकाळीच ऑपरेशनला आत नेलं. वय झालेलं, त्यात बीपी. डॉक्टर म्हणाले, धोका आहे. बाहेर एका बाकड्यावर एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला सुधाकर आणि मधे मी. माझा नाइलाज. गाडी माझी होती.

"त्याले सांग, चहा पेऊन घे म्हणा," दादा माझ्या उजव्या कानात म्हणाला. "त्याले सांग, मले नाही पाह्यजे," सुधाकर डाव्या कानात. पुन्हा उजवा कान, पुन्हा डावा. शेवटी माझं डोकं सणकलं. "माय आत पडली आहे, अन् तुम्ही मले कामाले लावता काय? लाज वाटू द्या बे थोडी!" म्हणालो आणि चहा आणायला निघून गेलो.

तीन कप घेऊन परत आलो, तर बाकड्यावरची मधली जागा रिकामी नव्हती. दादा सरकून सुधाकरजवळ आला होता. मी जिन्यापाशीच थांबलो.

"सुधाकर, आत काय करून राह्यले रे तिले?" दादा विचारत होता. "तुले समजते हे मशीनचं सगळं. सांग ना."

जगातली कुठलीही गोष्ट ओट्याच्या नाहीतर कोठीच्या उदाहरणानं समजावणारा आमचा सर म्हणाला, "मले नाही मालूम दादा. मले भेव लागून राह्यलं." आणि लहान पोरासारखा रडायला लागला. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, का लपवू?

दादानं खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याच्या हातात दिला. बराच वेळ पाठीवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "माहा राग तं कवाचाच गेला होता रे. दसऱ्याचं तुहं बोलणं लागलं होतं मनाले. पण तू रोज मायजवळ निरोप धाडत होता ना, दादा जेवला काय, दादानं गोळी घेतली काय. मंग कायचा राग? माहीच जीभ रेटत नव्हती."

सुधाकरनं मान वर केली. मी मनात म्हणालो, झालं, आता हा चूक दुरुस्त करणार. या माणसाला चुकलेलं सहन होत नाही.

त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. आईला आत नेलं होतं त्या दाराकडं एकदा पाहिलं.

"हाव दादा," तो म्हणाला. "रोजच इचारत होतो."