धाररावाच्या घोड्याचा दगड

ज्या गावाला रस्ता नाही, त्या गावाची सरकारला काळजी वाटते. ज्या गावाला पाणी नाही, त्याची तर दर निवडणुकीला वाटते. पण ज्या गावाचा इतिहास नेटवर नाही, तिथे मुळात माणसं राहतात का, अशी रास्त शंका येते. डोळखांबच्या पुढचा खैरमाळ पाडा हा अशा संशयास्पद गावांपैकी एक होता.

तिथल्या शाळेत वाल्मिक सर एकटेच. (मुख्याध्यापक, शिपाई आणि घंटा वाजवणारेही तेच. बैठकीला मात्र सगळ्यांची हजेरी लागायची.) बायको सारिका आणि लहानगी लेक किन्हवलीला. सरांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, किन्हवलीला बदली. लेक त्यांना 'मोबाइलमधला बाबा' म्हणायला लागली होती.

अशात परिपत्रक आलं. इतिहासाचे अध्यापन आनंददायी व्हावे यास्तव प्रत्येक शाळेने पाच उपयुक्त ऑनलाइन साधने शोधून नोंदवावीत. पैकी एक स्वतःच्या गावाविषयी असावे व त्यास किमान तीन ठिकाणांहून दुजोरा मिळावा. नोंद अपुरी राहिल्यास शिक्षकाचा बदलीचा अर्ज पुढे जाणार नाही. परिपत्रक फार विचारपूर्वक काढलं होतं. बदली अडकल्याशिवाय मास्तर इतिहासात लक्ष घालत नाही, हे वरच्यांनी बरोबर ओळखलं होतं.

पाड्यावर रेंज एकाच जागी यायची. बाईजा म्हातारीच्या खळ्यात भात झोडायचा दगड होता, त्यावर बसलं की. शाळा सुटली की सर तिथे जाऊन बसायचे, लेकीला फोन करायचे आणि मग इतिहास शोधायचे. नेटवरचं इतिहासाचं भांडार अफाट आहे, त्यात वादच नाही. निम्मी साधनं एकमेकांची नक्कल, निम्मी त्या नकलेची नक्कल, आणि निम्म्या जाहिराती (इतिहासात बेरीज शंभरावर गेली तरी चालते). एक गृहस्थ मोटारीत पट्टा लावून बसून पूर्वजांच्या शौर्यावर ओरडत होते. एका ठिकाणी काही प्रश्नांची उत्तरं दिली की आपण गेल्या जन्मी राजवाड्यात कोण होतो ते कळायचं. सर दोनदा राणी निघाले.

जुने नकाशे आणि कागदपत्रं नीट समजावून मांडलेलं एक खरोखर चांगलं संकेतस्थळही सापडलं. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच दिवशी ते पाठवलं. केंद्रप्रमुख भगीरथ साहेबांनी ते शेरा मारून परत केलं : 'पार्श्वसंगीत नाही.' ओरडणारे गृहस्थ मात्र पहिल्या झटक्यात मंजूर झाले, आणि त्यांच्या पंक्तीतले आणखी तिघेही.

घोडं अडलं ते पाचव्यापाशी. 'खैरमाळ' म्हणून शोधलं की नेट सोन्याच्या माळा दाखवायचं. आता नसलेली वस्तू सापडायची कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून सरांनी आधी आडात टाकायचं ठरवलं. प्राचीन वास्तू हवी म्हणून चौफेर पाहिलं, काही दिसलं नाही, मग खाली पाहिलं. दगड झोडून झोडून गुळगुळीत झालेला, म्हणजे पुरातन. सरांनी त्याचा फोटो नेटवर टाकून खाली लिहिलं, 'मोहिमेवर निघालेले सरदार धारराव खैरमाळास थांबले व त्यांनी आपला घोडा या दगडास बांधला.' त्या सपाट दगडाला शेळीसुद्धा बांधता आली नसती, पण फोटोत ते कळत नव्हतं.

आठवड्यात ते चहूकडे झालं. एकाने घोडा पांढरा केला. दुसऱ्याने धाररावांना भाकर वाढली. तिसऱ्याने मागे ढोल लावले. तीन ठिकाणांहून दुजोरा! तिन्हीकडे फोटो सरांचाच होता, कोपऱ्यातल्या त्यांच्या चपलेसकट. नोंद मंजूर झाली.

बाईजा तेवढी तणतणली. "सर, माझे सासऱ्यानी तो दगड नदीवरना आनला. आमी भात झोडतो त्याच्यावर. सरदार-बिरदार कोन नाय आला!"

"आजी, आला नाही असं तरी कुठे लिहिलंय?" सर म्हणाले.

म्हातारी पुटपुटत पुन्हा भात झोडायला लागली. मग तिला कुणीतरी ढोलवाला व्हिडिओ दाखवला. तिने तो पुन्हा लावायला सांगितला. पुढच्या बाजाराला ती डोळखांबात सांगत होती, "भाकर माझे आजेसासूनंच दिली त्याला. नाचनीची. लय भुकेला होता गो बिचारा!"

मुरबाडहून जीप भरभरून माणसं यायला लागली. दगडाला शेंदूर लागला, कठडा बसला, पाटी आली : 'पवित्र स्थळ. येथे बसू, झोडू अगर थुंकू नये.' बाईजा भात डांबरी रस्त्यावर झोडू लागली, आणि लेकीला फोन करायला सर घाटाच्या वळणापर्यंत चालत जाऊ लागले.

शेवटी भगीरथ साहेब शाल-नारळ घेऊन स्वतः आले. साऱ्या पाड्यासमोर म्हणाले, "सर, तुमच्यासारखा अभ्यासक इथून हलवायचा म्हणजे धाररावांना पोरकं करणं. तुमचा बदलीचा अर्ज मी जातीनं थांबवलाय."

सर उठून उभेच राहिले. "साहेब, खोटं आहे हो सगळं! धारराव कुणी नव्हताच. मी बनवलाय तो, इथे बसून!"

साहेब गंभीर झाले. "याला काही आधार? एखादी लिंक?"

सरांकडे लिंक नव्हती.

"बघा, किती नम्र माणूस!" साहेब गावकऱ्यांना म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

त्या संध्याकाळी सर घाटाच्या वळणावर उभे राहिले. त्यांनी तोंड उघडायच्या आत लेकच बोलली, "बाबा, धाररावचा घोडा पांढरा होता ना?"  सर "हो" म्हणाले, कारण ती पहिल्यांदाच आपणहून काहीतरी विचारत होती.

वाचकहो, हसून झालं असेल तर एक सांगायचं राहिलं. अर्ज थांबवताना साहेबांनी लोकमान्यतेचा पुरावा म्हणून एक तक्ता जोडला आहे. धाररावांचा व्हिडिओ कुणी कुणी पुढे पाठवला, त्याचा. त्यात तुम्हीही आहात. सकाळी चहा पिता पिता, न बघता, सगळ्या नातेवाइकांना पाठवलात, आणि खाली लिहिलंत : 'शाळेत हे का शिकवत नाहीत?'